देवाला सगळं आधीच माहितीये, मग प्रार्थना कशाला?

प्रश्न: ताई, मी वसईची, कॅथलिक घरातली. आईची बायोप्सी झालीये, रिपोर्ट यायचाय. घरात रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चाललीये. पण माझा भाऊ म्हणतो, देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर रिपोर्ट काय येणार ते ठरलेलंच, आपण प्रार्थना करणार की नाही तेही ठरलेलंच, मग आपण नुसत्या कळसूत्री बाहुल्या. मला उत्तरच देता आलं नाही. प्रार्थना करू की नको?

उत्तर: करा, नक्की करा. पण भावावर चिडू नका, तो उगाच फाटे फोडत नाहीये, ह्या प्रश्नाशी भलेभले झगडलेत.

संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी म्हणाले की काल काय झालं ते आपल्याला आठवतं, पण आपल्या आठवणीमुळे ते झालं असं काही नसतं, तसंच देवाला पुढचं माहीत असतं म्हणून ते आपल्याकडून जबरदस्तीने होतं असं नाही. म्हणजे माहीत असणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. यावर भाऊ म्हणेल की आठवण नंतरची, देवाचं ज्ञान तर आधीचं! त्याला उत्तर दिलं बोएथिअस या रोमन तत्त्वज्ञाने, साधारण 524 साली, तेही राजाच्या कैदेत मरणाची वाट बघत असताना. तो म्हणतो देवाला आधी आणि नंतर असं काही नाहीच, सगळा काळ त्याच्यासमोर एकदमच आहे. तुम्ही रोझरी म्हणताय ते तो बघतोय, बघितल्याने तुमचे हात कोणी बांधले नाहीत.

मला हे बरंचसं पटतं. अडतं ते एकाच ठिकाणी, देव भविष्य माणसाला सांगूनच टाकतो तेव्हा. येशू त्याच्या शिष्याला, पेत्राला म्हणाला, आज कोंबडा आरवायच्या आधी तू मला तीनदा नाकारशील. पेत्र म्हणाला, मेलो तरी नाही. आणि त्याच रात्री येशूला पकडून नेल्यावर महायाजकाच्या अंगणात शेकोटीपाशी बसलेला असताना एका दासीने त्याला ओळखलं, तर हा म्हणतो मी त्याला ओळखतच नाही. पण त्याला तसं बोलायला कोणी लावलं? तो घाबरला आणि बोलला, आणि नंतर जो ढसाढसा रडला तो स्वतः केलंय हे कळत होतं म्हणूनच ना? बाहुली कशाला रडेल!

आता प्रार्थनेचं. तुम्ही मागायच्या आधीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत असते, हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूच सांगतो आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतो, म्हणून अशी प्रार्थना करा, आणि ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ शिकवतो. त्याला यात विरोध दिसलाच नाही. तेराव्या शतकात धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस म्हणाले की प्रार्थना देवाचा बेत बदलायला नसते, काही गोष्टी प्रार्थनेतूनच मिळाव्यात हाच त्याचा बेत असतो. म्हणजे बायोप्सीचा तुकडा लॅबमधे पोचला असला तरी तुमची आजची रोझरी उशिरा झाली असं नाही, काळाच्या बाहेर असलेल्याला ती कधीचीच ऐकू आलीये.

हवं तेच मिळेल असं मात्र मी म्हणणार नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, टळू दे म्हणून मागितलं, आणि तो टळला नाही.

आणि लूकच्या शुभवर्तमानाचा बावीसावा अध्याय भावाला वाचायला द्याच. पेत्र नाकारणार हे माहीत असूनही येशू त्याला म्हणतो, मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीये, तुझा विश्वास ढळू नये म्हणून, आणि तू परत वळलास की भावांना धीर दे. ज्याला पुढचं ठाऊक होतं त्यानेच प्रार्थना केली, तीही पडल्यानंतर उठण्यासाठी! तुम्हीही रिपोर्ट चांगला यावा म्हणून बिनधास्त मागा, आणि त्याच दमात रिपोर्ट कसाही आला तरी आईला पुढची ट्रीटमेंट झेपावी, तिने खचू नये हेही मागा. भावाला रोझरीला बसायचं नसेल तर आग्रह नको, डॉक्टरकडे आईला घेऊन जायचं काम त्याच्याकडे द्या.