समुद्री माशाचं पोट फुगलंय, शेपटी वर करून तरंगतोय. वाटाणा देऊ का?

तुम्ही लिहिलंय की २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्यात क्लाउनफिशची जोडी आणि १० दिवसांपूर्वी आणलेला कोरल ब्यूटी, म्हणजे छोटा एंजल मासा. कोरल ब्यूटीचं पोट फुगलंय. डोकं खाली, शेपटी वर अशा अवस्थेत तो जोर लावून खाली जातो आणि जोर थांबला की वर येतो. थोडंफार खातो. दुकानातही तो जरा तिरकाच पोहत होता. दुकानदार म्हणतो सोललेला वाटाणा द्या, आणखी कुणी सुचवलंय की गोड्या पाण्यात बुडवून काढा.

दोन्ही करू नका. वाटाण्याने काही विषबाधा होणार नाही, पण दिवस वाया जातील. गोड्या पाण्यातली बुडी अंगावरच्या काही परजीवींसाठी असते. फुगलेल्या पोटाला तिचा उपयोग नाही, उलट आधीच दमलेल्या माशाला तो आणखी एक धक्का.

वाटाण्याचा सल्ला गोल्डफिश पाळणाऱ्यांकडून आलाय आणि तिथे त्याला थोडाफार आधार आहे. गोल्डफिश कार्पच्या कुळातला. त्याला जठर नसतं आणि त्याचं वाताशय, म्हणजे आपण ज्याला स्विम ब्लॅडर म्हणतो ते, एका नळीने अन्ननलिकेला जोडलेलं असतं. पृष्ठभागावर येऊन तो हवा गिळू शकतो, नको असलेली सोडू शकतो. आपल्या टाकीतले बहुतेक समुद्री मासे, म्हणजे एंजल, टँग, क्लाउन, डॅमसेल, अँथियास, यांच्यात मोठेपणी ही नळी नसतेच. त्यांचं वाताशय बंद असतं. त्यात वायू येतो तो रक्तातून, एका खास ग्रंथीमार्फत, आणि बाहेर जातो तोही रक्तातूनच, सावकाश. त्यामुळे समुद्री मासा तरंगायला लागला की 'पोट साफ करा' हे पहिलं उत्तर असू शकत नाही. गच्च भरलेलं आतडं वाताशयावर दाब देऊन तोल बिघडवू शकतं हे खरं, पण ती अनेक शक्यतांमधली एक आहे.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला 'दुकानातही तिरका पोहत होता' हे वाटतं. कोरल ब्यूटी हा बहुतेक वेळा समुद्रातून पकडलेला मासा असतो. उथळ प्रवाळ खडकांपासून (रीफ) पार ५०-६० मीटर खोलीपर्यंत तो राहतो. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. तिथून मासा झपाट्याने वर आणला तर वाताशयातला वायू चौपट जागा मागतो. वाताशयाने माशाच्या शरीराचा जेमतेम ५ टक्के भाग व्यापलेला असतो, एवढ्याशा पोटात ही वाढ मावणार कुठे? वाताशय ताणतं, कधी फाटतं, वायू पोटाच्या पोकळीत शिरतो, आतडी गुदद्वाराकडे ढकलली जातात. जबाबदार पाणबुडे मासे टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत वर आणतात. घाईत असलेले वर आणून सुईने वायू काढतात. निर्जंतुक सुई आणि सरावाचा हात असेल तर मासा त्यातूनही निभावतो. तसं नसेल तर सुईच्या जागी आत संसर्ग होतो. तो लगेच दिसत नाही, मासा निर्यातदार, आयातदार, दुकान असा प्रवास करून तुमच्या घरी पोचला की डोकं वर काढतो.

म्हणून माझा पहिला संशय दाबाच्या इजेवर आहे, मग ती नुसती असो किंवा मागून संसर्ग झालेली. पोट फुगलेलं पण श्वास बरा, भूक शाबूत, आणि सगळी धडपड फक्त खाली राहण्यासाठी, हे चित्र त्याच्याशी जुळतं. पाळणाऱ्याच्या चुकीने हे झालेलं नाही, एवढं तरी मनातून काढून टाका.

आता काय करायचं ते. बंद वाताशयातला जादा वायू रक्तात परत जायला दिवस लागतात. तोवर माशाची ताकद वाचवणं हेच खरं औषध. त्याला टाकीतच भोकं असलेल्या डब्यात ठेवा किंवा वेगळ्या, शांत, कमी प्रवाहाच्या टाकीत. डब्याचं झाकण पाण्याच्या पातळीच्या खाली येईल असं बसवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण वर तरंगणाऱ्या माशाची पाठ किंवा शेपूट हवेत उघडी राहिली की तिथली त्वचा सुकते, जखम होते आणि मग जंतूंना वाटच मिळते. आत पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवा. आडोशाखाली टेकून राहता आलं की मासा पोहण्यात शक्ती घालवत नाही. दिवा मंद ठेवा. खोल टाकीत ठेवल्याने दाब मिळेल असं काहींना वाटतं, पण दोन फूट पाण्याने दाब जेमतेम ६ टक्क्यांनी वाढतो. त्यासाठी धावाधाव नको.

सुई घरी टोचू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. व्हिडिओत सोपं दिसतं. पण वाताशयाच्या अगदी वर मूत्रपिंड आणि खाली आतडं, आणि तुमचा मासा जेमतेम बोटाएवढा. हे काम पशुवैद्याचं. घराजवळ कुत्र्यामांजरांचा एक्स-रे काढणारा दवाखाना असेल तर विचारा. वायू एक्स-रेत काळा दिसतो, त्यामुळे तो वाताशयात आहे, आतड्यात आहे की पोटाच्या पोकळीत, हे कळू शकतं. मुंबई-ठाण्याकडे असाल तर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत माशांच्या आरोग्यावर काम करणारे तज्ज्ञ आहेत आणि परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एक फोन करायला काय हरकत आहे?

आता बद्धकोष्ठाचं. ती शक्यता पुरती सोडून देऊ नका. विष्ठा दिसते का, कशी दिसते, याकडे दोन दिवस नीट लक्ष द्या. अजिबात नाही किंवा पांढरी दोऱ्यासारखी लोंबतेय, आणि पोहण्यापेक्षा पोटाचा आकारच जास्त बदललाय, असं असेल तर आतड्याकडे वळा. कोरल ब्यूटी दिवसभर दगडांवरचं शेवाळ टिपत फिरणारा मासा आहे. त्याला दोन्ही वेळ कोरड्या गोळ्यांवर ठेवलं तर त्या पोटात जाऊन फुगतात. फ्रीझ-ड्राय खाद्याचंही तेच. खाद्य आधी टाकीच्याच पाण्यात भिजवून द्या, आणि रोज थोडी नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, क्लिपला लावा, मीठ-मसाला नसलेली. जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवले कोळंबीसारखे जीव) मिळाले तर उत्तम. त्यांच्या कवचाने पोट हलतं आणि रुसलेला मासाही त्यांच्यावर झडप घालतो. पृष्ठभागावर तरंगणारं खाद्य टाळा, त्याबरोबर हवाही गिळली जाते. पंप बंद करून सिरिंजने खाद्य पाण्याच्या आत सोडा. अशी गिळलेली हवा बहुधा दिवसभरात निघून जाते. लांबलचक उपास मात्र या माशाला घडवू नका. मोठा शिकारी मासा आठवडाभर न खाता राहील, हा नाही.

एप्सम सॉल्टबद्दल, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण कुणी ना कुणी सांगेलच. समुद्री मासे सतत पाणी पितात, कारण त्यांच्या अंगातलं पाणी कल्ल्यांमधून बाहेरच्या खारटपणाकडे निसटत असतं. त्यामुळे पाण्यात टाकलेलं एप्सम सॉल्ट त्यांच्या आतड्यापर्यंत पोचतं, आणि १९ लिटरला एक टेबलस्पून हे प्रमाण समुद्री मासे पाळणारे बरेच जण वापरतात. पण समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि २७०० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. या डोसने त्यात मॅग्नेशियमची भर पडते जेमतेम ८० मिलिग्रॅमची. म्हणून मी त्याच्याकडून मर्यादित अपेक्षा ठेवतो. द्यायचंच तर वेगळ्या टाकीत, बद्धकोष्ठाची खूण दिसली तरच. औषधाच्या दुकानातलं शुद्ध मॅग्नेशियम सल्फेट घ्या, द्राक्षबागेसाठी कृषी केंद्रात मिळणारं नको. साधं किंवा सैंधव मीठ हा त्याला पर्याय नाही.

आता ज्या खुणा दिसल्या तर वाट बघायची नाही, त्या सांगतो. पोट दोन्ही बाजूंनी ताणलेलं आणि टणक, खवले उभे राहिलेले, डोळे बाहेर आलेले, गुदद्वार लाल किंवा बाहेर आलेलं, कल्ले भराभर हलताहेत आणि खाणं पूर्ण बंद. हे आतल्या संसर्गाचं किंवा अवयव निकामी होण्याचं लक्षण. समुद्रात व्हिब्रिओ गटाचे जिवाणू अशा वेळी बऱ्याचदा सापडतात. तेव्हा प्रतिजैविक लागतं, तेही वेगळ्या टाकीत आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने. मुख्य टाकीत ओतलं तर अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही मरू शकतात आणि क्लाउनची जोडीही संकटात येते. दुकानातून पिवळी-निळी पावडर आणून अंदाजाने टाकणं मला अजिबात पटत नाही. आजारी माशाच्या टाकीत हात घालताना बोटावर जखम असेल तर हातमोजे घाला. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू माशांकडून माणसाच्या त्वचेत शिरतो आणि ती गाठ बरी व्हायला महिने जातात.

पाणी तर तपासालच: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या जवळ, तापमान २५-२६ अंश. उकाड्यात ते ३० वर गेलं तर पाण्यात प्राणवायू कमी उरतो आणि तरंगत झगडणाऱ्या माशाला नेमका तोच जास्त हवा असतो. एकाहून जास्त माशांच्या डोळ्यांत किंवा परांत बारीक बुडबुडे दिसले, तर रिटर्न पंप, म्हणजे गाळलेलं पाणी टाकीत परत सोडणारा पंप, कुठल्या सांध्यातून हवा ओढतोय का ते बघा. पाण्यात वायू प्रमाणाबाहेर मिसळला की तसं होतं.

क्लाउनबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय की रात्री तेही वर कोपऱ्यात आडवे-तिडवे झुलतात. त्याची काळजी नको. ॲनेमोन (ज्याच्या आडोशाला क्लाउन राहतात तो फुलासारखा समुद्री जीव) नसलेल्या टाकीत क्लाउन असेच झोपतात. सकाळी दिवा लागताच सरळ पोहत खायला आले की सगळं ठीक आहे. तसंच पुढे कधी हॉकफिश किंवा गोबी आणलात आणि तो तरंगण्याऐवजी उड्या मारत तळाशी बसला, तर घाबरू नका. हॉकफिशला वाताशय नसतंच, आणि बऱ्याच गोबींनाही नसतं.

आज डब्याची सोय करा, उद्यापासून भिजवलेलं खाद्य द्या. दुकानदाराला विचारा की मासा कोणत्या देशातून आला, त्याच खेपेतले बाकीचे कसे आहेत, कुणाला सुई टोचली होती का. माशाचा एक फोटो बाजूने आणि एक वरून काढून इथेच टाका. वरून काढलेल्या फोटोत फुगवटा एका बाजूला आहे की दोन्ही, ते स्पष्ट दिसतं. कुशीवर टोचल्याची बारीक लाल खूण दिसली तर फोटोची वाट न बघता त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा.