नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज करण्याआधी मुदत ठेवीवरचे क्रेडिट कार्ड वापरावे का?

नाशिकमधील व्यक्तीचा अर्ज १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात जातो. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. हे कार्ड ठेव तारण ठेवून मिळते, त्यामुळे कार्डाची थकबाकी बँक ठेवीतून वळती करून घेऊ शकते आणि तारणधारक धनकोचा, म्हणजे तारण घेऊन कर्ज देणाऱ्याचा, तो हक्क अर्जानंतरही शाबूत राहतो. किराणा, वीजबिल यांपुरते कार्ड वापरून दरमहा पूर्ण बिल भरत असाल, तर मला त्यात वावगे दिसत नाही. मात्र फेड होणार नाही हे ठाऊक असूनही सराफ बाजारात कार्डावर दागिने घेतलेत, तर १९२० च्या कायद्याच्या कलम ४२ नुसार संपूर्ण ऋणमुक्ती नाकारली जाऊ शकते. मेहुण्याची उसनवारी आधी चुकती करणे (हा मोह अनेकांना होतो) त्याहून धोक्याचे, कारण अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांतील अशी झुकते माप देणारी परतफेड कलम ५४ खाली रद्द ठरू शकते.