रोजच्या कामासाठी डेस्कटॉपला टचस्क्रीन मॉनिटर घ्यावा का? माउसची गरज संपते का?

माउसची गरज संपत नाही. मेल, ब्राउझर, एक्सेल आणि मुलांचा अभ्यास अशी कामं तुम्ही लिहिली आहेत. माझीही साधारण तीच आहेत. माझ्या टेबलावर २४ इंची टचस्क्रीन आहे आणि शेजारी माउसही आहे.

बोटाने काय बरं जमतं? लांबलचक पीडीएफ सरकवणं, नकाशा चिमटीने मोठा करणं, फोटो चाळणं, समोर टपकलेल्या चौकटीतलं ‘ओके’ दाबणं. उजवा हात माउसवर असताना डावा हात आपोआप स्क्रीनकडे जायला लागतो, ही सवय मात्र झकास. एक्सेलमध्ये मोजके सेल निवडायचे किंवा वर्डमधली अर्धी ओळ सिलेक्ट करायची, तर वैताग येतो. राइट क्लिकसाठी बोट दाबून धरावं लागतं आणि माउस नुसता वर नेला की उघडणारे मेनू बोटाला हुलकावणी देतात.

आता खरा मुद्दा, हाताचा. उभ्या स्क्रीनकडे हात लांब करून बसलं की खांदा भरून येतो. याला ‘गोरिला आर्म’ असं नावच पडलंय. हे दुखणं जुनं आहे. एचपीने १९८३ मध्ये टचस्क्रीनचा एचपी-१५० संगणक काढला होता, आणि २०१० मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने उभ्या पडद्यावर टच नको म्हणताना हेच कारण दिलं होतं. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ मध्ये सगळ्यांच्या गळ्यात टचची मांडणी मारली, नंतर मागे यावं लागलं.

गोची अशी की मानेसाठी मॉनिटर डोळ्यांच्या उंचीवर आणि हातभर लांब हवा, तर बोटासाठी तो जवळ, खाली आणि मागे कललेला हवा. म्हणून पॅनेलपेक्षा स्टँड बघून खरेदी करा. खाली येणारा, बराच कलणारा, जड बुडाचा. मायक्रोसॉफ्टचा २८ इंची सरफेस स्टुडिओ संगणक (२०१६) टेबलापासून जेमतेम २० अंशांपर्यंत आडवा व्हायचा, तो याचसाठी. साध्या स्टँडवर प्रत्येक टिचकीला स्क्रीन डुलते. मॉनिटर आर्म (टेबलाला अडकवायचा, मॉनिटर धरणारा दांडा) लावला तरी स्वस्तातला असेल तर डुलणं थांबत नाही. दुकानात वरच्या कोपऱ्यात बोट मारून बघा, तिथे लगेच कळतं.

एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज जातो, टच नाही. टचसाठी वेगळी यूएसबी केबल लागते, नाहीतर यूएसबी-सीची एकच, पण संगणकाच्या त्या पोर्टमधून चित्रही बाहेर पडत असेल तरच. दोन मॉनिटर जोडलेत आणि इकडे बोट लावल्यावर तिकडे क्लिक होतंय, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘सेटअप’ करा, दोन मिनिटांचं काम आहे. ॲपलचा मॅक मिनी संगणक असेल तर विचार सोडा. त्यातल्या मॅकओएस प्रणालीला टच मुळात कळत नाही, वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो.

बहुतेक टच पॅनेल चकचकीत असतात. तुमच्या पाठीमागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर तीच जास्त दिसेल, आणि मुलं वापरणार म्हणजे चिवड्याचे ठसे आलेच. मायक्रोफायबरचं किंचित ओलं कापड पुरतं, काचेवर थेट फवारा मारू नका.

तुमच्या यादीत मुलांचा अभ्यास नसता, तर त्याच पैशात साधा पण मोठा मॉनिटर घ्या असं सांगितलं असतं.