रात्रीचा नकाशा वाचायचा तर नाईलपासून सुरुवात करा

अख्खं जग एकदम बघायला घेऊ नका. नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर 'ब्लॅक मार्बल' हा उपग्रहाने टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांचा थर लावा, नावं आणि सीमा बंद ठेवा आणि थेट इजिप्तवर जा. अस्वानपासून कैरोपर्यंत उजेडाची बारीक रेघ, पुढे त्रिभुज प्रदेशाचा पंखा. वस्ती पाण्याला किती चिकटून असते, हे इतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसतं. शहरांचे अंदाज आधी कागदावर लिहा, मग नावं लावून ताडून बघा.

प्रत्येक ठिपका म्हणजे शहर नव्हे, नवशिके इथेच फसतात. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किमीवर भर समुद्रात दिसणारा उजेड बॉम्बे हाय या तेलक्षेत्राचा. तिथे वायू जळतो. थायलंडच्या आखातातले ठिपके माकुळ पकडणाऱ्या नौकांचे. उलट उत्तर कोरिया काळाकुट्ट दिसतो, पण तिथे अडीच कोटींहून जास्त माणसं राहतात.

रोजच्या प्रतिमा अमावस्येच्या आसपासच्या घ्या. चांदण्यात ढग, बर्फ आणि वाळवंटही उजळतात. उपग्रह मध्यरात्रीनंतर साधारण दीडला वरून जातो, म्हणजे संध्याकाळची गजबज त्यात नसते. शिवाय त्याच्या संवेदकाला निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. एलईडी दिवे आले की तेच शहर मंद भासतं, म्हणून दोन वर्षांची तुलना करताना दिवे बदललेत का, ते आधी तपासा.