वाचकांचे प्रश्न : बिल आलं म्हणजे कायदा झाला का?

यावेळी बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आलीत. ग्रुपवर ‘नवा कायदा आला’ असा मेसेज येतो आणि तो खरा की खोटा तेच कळत नाही. म्हणून आजचं सगळं पान दिल्लीत मांडलेल्या किंवा मांडायच्या तयारीत असलेल्या विधेयकांवर. प्रत्येक वेळी आधी एकच गोष्ट विचारायची, की गाडी कुठल्या स्टेशनवर आहे? नुसता मसुदा आहे, सभागृहात मांडलंय, समितीकडे गेलंय, दोन्ही सभागृहांत पास झालंय, राष्ट्रपतींची सही झालीय, की खरोखर लागू झालंय. एवढं कळलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

ताई, ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन उचलायचा नाही असा कायदा झालाय म्हणे. मी मेसेज मॅनेजरला दाखवला तर तो म्हणाला असं काही नाहीये. खरं कोणाचं? – आयटीतली एक वाचक, पुणे

मॅनेजरचं बरोबर आहे, कायदा झालेला नाही. पण मेसेज अगदीच हवेतून आला असंही नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी 5 डिसेंबर 2025 ला लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’ बिल मांडलं. कामाची वेळ संपल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी ऑफिसचे कॉल आणि ईमेल न घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा आणि जी कंपनी हे पाळणार नाही तिला कर्मचाऱ्यांच्या एकूण पगाराच्या 1 टक्का दंड व्हावा, असं त्यात आहे. हाच विषय त्यांनी 2018 च्या शेवटीही मांडला होता.

आता हे खासगी विधेयक आहे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं. अशा बिलांना अधिवेशनात शुक्रवारी दुपारचा वेळ मिळतो, त्यातली बहुतेक चर्चेलाही येत नाहीत, आणि स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झालीत, त्यातलं शेवटचं 1970 साली. पण म्हणून ती वाया जातात असं मी म्हणणार नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं बिल द्रमुकचे तिरुची शिवा यांनी असंच खासगी म्हणून मांडलं होतं, राज्यसभेने ते 2015 मध्ये पास केलं, लोकसभेत ते अडकलं, पण विषय मात्र सुटला नाही आणि पुढे 2019 मध्ये सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. त्यामुळे तुम्हाला हा विषय महत्त्वाचा वाटत असेल तर तुमच्या खासदाराला जरूर लिहा. मॅनेजरशी बोलताना मात्र हातात मेसेज नको, अपॉइंटमेंट लेटरमधलं कामाच्या तासांचं कलम असू द्या.

मी कापूस-सोयाबीनवाला शेतकरी. नव्या बियाणे कायद्यात घरचं बी ठेवलं तरी जेल होणार असं ऐकलं. आणि बोगस बियाण्याची भरपाई तरी मिळणार का? – एक वाचक, परभणी

दादा, घरच्या बियाण्याची भीती आधी मनातून काढून टाका. केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये जो मसुदा लोकांसमोर ठेवला त्यात शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचासुद्धा हक्क आहे, अट एकच की ते कुठल्या ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. म्हणजे शेजाऱ्याला दोन पायली सोयाबीन दिलं तर गुन्हा नाही, पिशवीवर स्वतःचं नाव छापून बाजारात आणलं तर मात्र नियम लागतील.

हा मसुदा का आला तेही बघा. आपल्याकडे बियाणे कायदा आहे 1966 चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 500 रुपयांपर्यंत. पुन्हा तोच गुन्हा केला तर 1000 रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एका पिशवीच्या किमतीपेक्षाही कमी दंड! ज्याच्या शेतात उगवणच झाली नाही, ज्याचा पेरणीचा हंगाम हातचा गेला त्याला हा आकडा वाचून काय वाटत असेल. नव्या मसुद्यात गंभीर गुन्ह्याला 30 लाखांपर्यंत दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, वाणांची नोंदणी सक्तीची आहे आणि पिशवीवर क्यूआर कोड येणार, जेणेकरून ते बी कुठून आलं ते शोधता येईल. याआधी 2004 मध्येही बियाणे विधेयक राज्यसभेत मांडलं होतं, ते कधी पासच झालं नाही.

पण मला खटकतं ते भरपाईचं. दंड भरला तरी तो सरकारजमा होतो, शेतकऱ्याच्या खात्यात येत नाही. पीक गेलं तर अमुक दिवसांत अमुक भरपाई, असा सरळ रस्ता कायद्यातच असायला हवा आणि शेतकरी संघटनांनी यावर जोर धरायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आज तुमच्या हातात आहे तो ग्राहक आयोगाचा रस्ता. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे हे सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यासाठी दुकानाचं पक्कं बिल, रिकामी पिशवी आणि तिच्यावरचा टॅग जपून ठेवा, टॅगवरचा लॉट नंबर बिलावर लिहून घ्या (दुकानदार घाईत असतो, तरी लिहूनच घ्या), पिशवीत मूठभर बी शिल्लक ठेवा आणि उगवण झाली नाही तर मोडणी करून दुबार पेरणी करायच्या आधी कृषी विभागाकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा करून घ्या. शेत एकदा नांगरलं की पुरावा गेला.

‘एक देश एक निवडणूक’ पास झालं ना? मग आमच्या झेडपीच्या निवडणुकाही लोकसभेबरोबरच का? – एक वाचक, सांगली

नाही, पास झालेलं नाही. 129 वी घटनादुरुस्ती म्हणून ते 17 डिसेंबर 2024 ला लोकसभेत मांडलं आणि संयुक्त समितीकडे (दोन्ही सभागृहांतल्या खासदारांच्या समितीकडे) पाठवलं, पी. पी. चौधरी त्या समितीचे अध्यक्ष. मांडतानाच मतदान झालं, बाजूने 269 आणि विरोधात 198. टीव्हीवर हे आकडे बघून बऱ्याच जणांना वाटलं की झालं पास. नुसतं मांडायला साधं बहुमत पुरतं. घटनादुरुस्ती पास करायची तर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, म्हणजे त्या दिवशी मत दिलेल्या 467 जणांत 312 लागले असते, आणि तेही दोन्ही सभागृहांत वेगवेगळं.

आत काय आहे ते थोडक्यात. सार्वत्रिक निवडणुकीनंतर लोकसभेची पहिली बैठक होईल त्या दिवशी राष्ट्रपती एक तारीख जाहीर करतील, त्यानंतर निवडून आलेल्या सगळ्या विधानसभांची मुदत त्या लोकसभेबरोबर संपेल. मधेच सरकार पडून विधानसभा बरखास्त झाली तर निवडणूक होईल, पण नवी विधानसभा फक्त उरलेल्या काळापुरती. समजा चार वर्षांनी सरकार पडलं तर नवे आमदार एका वर्षासाठी! मतदाराने याचा विचार नीट करावा असं मला वाटतं, खर्च वाचतो हे खरं पण पाच वर्षांसाठी दिलेल्या मताची मुदत आखडते तेही खरं.

झेडपी, पंचायत समिती, महापालिका या बिलात नाहीत. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने या निवडणुका लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीनंतर शंभर दिवसांच्या आत, दुसऱ्या टप्प्यात घ्या असं सुचवलं होतं, ते या विधेयकात घेतलेलं नाही.

मंत्री तीस दिवस जेलमध्ये राहिला तर पद जाणार, हे लागू झालं का? – एक वाचक, अकोला

लागू नाही. 130 वी घटनादुरुस्ती, 20 ऑगस्ट 2025 ला मांडली, तीही संयुक्त समितीकडे पाठवली. पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात अटक होऊन सलग 30 दिवस कोठडीत राहिलं तर एकतिसाव्या दिवशी पद जाणार, पंतप्रधान आणि मुख्यमंत्रीही त्यात आले. आक्षेप असा की इथे दोषी ठरायची वाट बघितलेली नाही, अटक पुरते. सुटका झाल्यावर पुन्हा नेमणूक होऊ शकते.

काही बिलं एका दिवसात पास होतात आणि काही वर्षानुवर्षं पडून राहतात. असं का? आणि आमच्यासारख्या साध्या माणसाने सांगितलेलं तिथे कोणी ऐकतं का? – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, वेळेचं कुठलंच बंधन नाही, सगळं सरकारच्या इच्छेवर आणि संख्याबळावर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचं बिल 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत मांडलं, त्याच दिवशी पास, दुसऱ्या दिवशी राज्यसभा, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही. उलट महिला आरक्षणाचं बिल राज्यसभेने 9 मार्च 2010 ला पास केलं आणि लोकसभेत ते पडून राहिलं, 2014 ला लोकसभा विसर्जित झाली तसं बिलही बाद झालं. मग 2023 ला नव्याने घटनादुरुस्ती आली, ती दोन दिवसांत दोन्हीकडे पास झाली, पण अंमलबजावणीला जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेची अट लावून. पास झालं तरी लागू व्हायला वेगळी वाट बघावी लागते ती अशी. चार कामगार संहितांचंही तेच झालं, 2019 आणि 2020 ला पास, लागू झाल्या 21 नोव्हेंबर 2025 ला.

ऐकतात का? समितीकडे गेलं तर ऐकतात, हे मी ठामपणे सांगते. आयकर विधेयकाचंच बघा. फेब्रुवारी 2025 ला मांडलं, बैजयंत पांडा यांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे ते बिल तपासायला नेमलेल्या खासदारांच्या समितीकडे गेलं. मूळ बिलात असं एक कलम होतं की रिटर्न मुदतीनंतर भरलं तर कापलेल्या टॅक्सचा रिफंड मिळणार नाही. आजारपणात तारीख चुकलेला पेन्शनर असो नाहीतर छोटा दुकानदार, त्याचे स्वतःचे पैसे अडकले असते. समितीने 285 सूचना दिल्या, त्यात हे कलम काढा असंही सांगितलं. सरकारने ऑगस्टमध्ये जुनं बिल मागे घेतलं आणि दुरुस्त केलेलं नवं बिल 11 ऑगस्टला मांडून पास केलं, त्यात ती अट नव्हती. म्हणूनच समितीकडे न जाता पास होणाऱ्या बिलांची मला काळजी वाटते. पंधराव्या लोकसभेत (2009-14) 71 टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत (2019-24) फक्त 16 टक्के.

तुम्ही करायचं काय ते सांगते. मसुदा असताना संबंधित मंत्रालयाच्या वेबसाइटवर तो निदान 30 दिवस ठेवावा असं सरकारचंच 2014 चं धोरण आहे, तेव्हा ईमेलने म्हणणं कळवता येतं. बिल समितीकडे गेलं की लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालय पेपरात जाहिरात देतं, त्यात पत्ता आणि शेवटची तारीख असते, बहुतेक वेळा इंग्रजी किंवा हिंदीत लिहायला सांगतात. लांबलचक लिहू नका. कलमाचा नंबर, त्याने कोणाचं काय नुकसान होईल आणि त्याजागी काय हवं, एवढं एका पानात बसतं. बिलाची पीडीएफ संसदेच्या वेबसाइटवर मिळते, तिच्या शेवटी ‘उद्देश व कारणे’ असं एक-दोन पानी निवेदन असतं, वाचायला तिथूनच सुरुवात करा आणि मग शिक्षेची आणि ‘सरकार नियम करील’ अशी कलमं शोधा, कारण खरी गंमत बऱ्याचदा त्या नियमांत ठरते. तुमच्या शाळेतले जुने विद्यार्थी वकील असतील तर एकाला हाताशी धरा, सर, आणि पाठवलेल्या पत्राची एक कॉपी आम्हालाही पाठवा, पुढच्या अंकात छापू.