नऊ रकाने आखू नका

जय ख्रिस्त! बाप्तिस्मा झाल्यावर ‘आपण आतून बदललोय का?’ हा प्रश्न पडतोच. सुरुवातीला एवढंच वाचा:

– बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचे अध्याय 5 ते 7, सावकाश. प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, आत्ता उघडू नका, त्याला वेळ आहे.
– पौलाचं गलतीकरांस पत्र 5:22-23. इथे पवित्र आत्म्याचं ‘फळ’ सांगितलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन.

इथेच बहुतेक जण घसरतात. पौल ‘फळ’ म्हणतो ते एकवचनात. मी मात्र वहीत नऊ रकाने आखून रोज रात्री खुणा करायचो. सहनशीलतेपुढे आठ दिवस बरोबरची खूण. नवव्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ताट सरकवलं. बायको काही बोलली नाही, फक्त ती वही आणून ताटाशेजारी ठेवली. फळ झाडाला आतून लागतं, बाहेरून दोऱ्याने बांधता येत नाही. म्हणून योहान 15 मधला द्राक्षवेलही सोबत वाचा.

दुसरी चूक म्हणजे सौम्यतेला मुळूमुळूपणा समजणं. मंदिरात सराफांचे चौरंग उलथणारा येशूच स्वतःला ‘मनाचा सौम्य’ म्हणवतो. अन्याय दिसला तर बोला.

आणि हे माप दुसऱ्यांना लावत बसू नका, विशेषतः चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्यांना! कुसळ-मुसळ मत्तय 7 मध्येच आहे.

पवित्रीकरणाचे (माणूस हळूहळू पवित्र कसा होत जातो याचे) सिद्धांत, पंथापंथांतले वाद नंतर बघू. या आठवड्यात मत्तय 5 ची पहिली बारा वचनंच घ्या. अडलं तर विचारा.