पाना हातात घेण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

एसी दुरुस्तीच्या धंद्यासाठी तुझ्या वहीत खर्च अगदी तपशिलाने मांडलाय. सेकंडहँड व्हॅन, फ्लेक्स, टी-शर्टवर छापायचं नाव. आणि कामाचे पैसे किती घेणार, त्यापुढे एवढंच: ‘पार्टी बघून’. ते वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसलो.

पार्टी बघून नाही रे. काम बघून. आणि भाव आधी, कागदावर, पाना हातात घेण्याआधी.

एप्रिलमधली दुपार धर. बडोद्यात मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर बेन दार उघडतात, एसी थंड करत नाही. बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर मात्र उचलत नाही. तू बघतोस तर कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग, फुगलेला. काहीशे रुपयांचं काम. त्याच घरी दुसरा कोणी ‘गॅस संपला’ म्हणून हजारोंनी घेऊन गेला असता. एसीतला गॅस काही स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लिकेज आहे. ते नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून शोधायचं, ब्रेझिंग करून नळी सांधायची, व्हॅक्युम मारून आतली हवा काढायची, मग वजन करून गॅस भरायचा. तरसालीच्या आयटीआयमध्ये हे सगळं तू शिकलायस, तुझा हातही चांगला आहे. मग ओळीओळीने लिहून द्यायला काय जातं? तपासणीचे इतके, कपॅसिटरचे इतके, लिकेज निघालं तर इतके, काहीच करायचं नसेल तर फक्त तपासणीचे. बेन ‘केटला थशे?’ (किती होतील?) विचारायच्या आत कागद त्यांच्या हातात हवा. काढलेला कपॅसिटरही त्यांच्यासमोर ठेवून यायचा.

तू म्हणशील, काका, असं केलं तर पैसा सुटणार कसा? माझा भागीदारही हेच म्हणायचा. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला, विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं. ओसरल्यावर फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याच्या मोटारी, सगळ्यांत चिखल. फोन थांबेना. तो म्हणाला, दुप्पट घेऊ, लोक देतील. देतच होते लोक. मी जुन्याच भावाचा कागद पुढे केला. मोटर उघडून सुकवायची, मेगर या मीटरने तारांचं इन्सुलेशन तपासायचं, त्याआधी प्लग लावायचा नाही, हेही त्यावर लिहिलेलं असायचं. तो चिडून वेगळा झाला. पुढे त्याने स्वतःचा बंगला बांधला. मी अजून दांडिया बाजारात भाड्याने राहतो, आणि घरात ते ऐकूनही घेतो. मित्र गेला याचं दुःख मला आजही आहे. पण तो कागद पुढे केल्याचं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा त्याच घरांनी पहिला फोन मला केला. भाव काय, हेसुद्धा कोणी विचारलं नाही. याला मी कमाई म्हणतो, आणि कोणी काहीही म्हणो, म्हणत राहणार.

व्हॅन नको. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, त्याहून जास्त आत्ता घेऊ नकोस. चांगला व्हॅक्युम पंप, गेज, ब्रेझिंगचा सेट, शिडी, सेफ्टी बेल्ट घे. बेल्ट न लावता ग्रिलबाहेर पाय टाकलास तर मला तोंड दाखवू नकोस. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटाला एक पैसा देऊ नकोस. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. होळीपासून जूनपर्यंत जे मिळेल त्यावर पावसाळा काढावा लागतो, म्हणून गिझर आणि आरओचं कामही शिकून घे.

मामा म्हणतात, शिडी खांद्यावर घेऊन घरोघर फिरणं आपल्यात शोभत नाही. याच गावात सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, ती मुलांच्या हातात हुन्नर यावा म्हणून. मामांना हे सांग, आणि वाद घालत बसू नकोस.

तर पहिलं काम हे: व्हॅनचं पान फाड आणि त्या जागी भावपत्रक लिही. एसीची साधी सर्व्हिस, जोराच्या पाण्याने धुण्याची जेट सर्व्हिस, बसवणं, काढणं, गॅस, प्रत्येकापुढे एक आकडा. श्रीमंतांच्या अलकापुरीला तोच आणि साध्या वस्तीच्या वाघोडिया रोडलाही तोच. ‘पासून’ हा शब्द कुठेही नको.

एक मात्र माझ्याने सुटत नाही. तू शिडीवर असताना वाजणारा फोन कोण उचलणार? न उचललेल्या फोनचं गिऱ्हाईक दहा मिनिटांत दुसऱ्याकडे जातं. तुझ्या आईचं गुजराती तुझ्याहून चांगलं आहे, आणि हिशोबही. भावपत्रक त्यांच्यासमोर ठेवलं तर फोनवर त्या स्वतःच भाव सांगू शकतील. त्यांना विचार, आणि काय म्हणतात ते मला शुक्रवारपर्यंत कळव.

तुझा,
काका